बहात्तर किलो

ईशान दोन फुटी टाकी घेऊन आला
तेव्हा घरात रिकामं असं एकच होतं,
नानांच्या क्लासचं टायपिंगचं टेबल.

रावपुऱ्यातला क्लास मिटला त्या वर्षी
मशिनं भंगारात गेली, वजनावर.
नाना तेवढा वेळ काट्याकडे पाठ करून उभे होते.
टेबल मात्र हातगाडीवरून घरी आलं.
सागाचं. नेहमीच्या टेबलापेक्षा चार बोटं बुटकं,
पोरींचे खांदे भरून येऊ नयेत म्हणून.
डाव्या कडेला कर्कटकानं कोरलेलं: भारती नापास.
कोण भारती, ते नानांना आठवत होतं
पण त्यांनी सांगितलं नाही.

विश्वामित्री घरात शिरली होती त्या पावसाळ्याची रेघ
अजून चारही पायांवर आहे, पोटरीइतकी.
म्हणजे पाणी त्याला नवीन नव्हतं.
फक्त तेव्हा खालून आलं होतं.

मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
पाणी पन्नास लिटर, म्हणजे पन्नास किलो.
काच नऊ. वाळू आणि दगड तेरा.
मासे धरलेच नाहीत.

रमणभाई मिस्त्री आले, त्यांनी आधी चहा घेतला,
मग स्टीलच्या ताटलीत पाणी ओतून ती टेबलावर ठेवली.
पाणी एका कोपऱ्याला जाऊन बसलं.
"पाणी खोटुं न बोले, बेन."
इतकी वर्षं आम्ही त्यावर इस्त्री केली, पापड वाळवले,
कुणाला कळलं नव्हतं की ते तिरकं आहे.
नानांना माहीत होतं.
ते उठले, खण उपसला,
आणि कार्बन पेपरची एक जाड घडी आणून
मागच्या पायाखाली सरकवली.
"क्लासात रोज ठेवायचो," म्हणाले.

"आता माणूस बसवा," रमणभाई म्हणाले, "वजनाचा."
मी छप्पन. ईशान बेचाळीस, तोही दप्तरासकट.
नाना बरोब्बर बहात्तर,
शियापुऱ्यातल्या डॉक्टरांच्या काट्यावर, मागच्याच आठवड्यात.

टेबल लिहायला असतं, बुड टेकायला नाही,
असं म्हणत ज्यांनी तीस वर्षं पोरं उठवली
ते नाना चप्पल काढून वर चढले
आणि मांडी घालून बसले,
भटजी यायला उशीर झालेल्या गणपतीसारखे.
हातांचं काय करावं ते त्यांना कळेना.
मग बोटं आपोआप गुडघ्यांवर चालू लागली,
ए एस डी एफ, सेमीकोलन एल के जे,
ओळ संपली की डावा हात नकळत उचलला जायचा.

रमणभाई लाकडाला कान लावून बसले होते.
पंधरा मिनिटं. आत काहीच कुरकुरलं नाही.
"चालशे," म्हणाले.
नाना तरी थोडा वेळ उतरले नाहीत.

मग वाळू आली, पंप आला,
चार काळ्या मॉली, दोन गोल्डफिश,
एक गोगलगाय, जी कुणी मागितलीच नव्हती.

पुढच्या श्रावणात डॉक्टरांच्या वहीत चौसष्ट.
दिवाळीला अठ्ठावन्न.
नाना म्हणायचे, पँट ढिली झाली,
शिंप्याकडे जायला हवं. मी हो म्हणायचे.
त्यांची खुर्ची टाकीसमोर असायची.
गोल्डफिश काचेशी यायचे, तोंड उघडायचे, मिटायचे,
आणि नाना पुटपुटत, "स्पीड वाढव. चुका नंतर."

काचेवर मी मार्करनं रेघ ओढली आहे.
पाणी आटतं. रोज बोटभर नाही, पण आटतं.
दर रविवारी तांब्यानं घालते, रेघेपर्यंत.
ईशान मध्ये म्हणाला, तीन फुटी घेऊ या का?
नको, म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

शेवटची नोंद सत्तेचाळीस. ती वही आता कपाटात आहे.

काल रात्री, थंडीनं असेल,
टेबल एकदाच करकरलं.
मी उठले, मोबाइलचा उजेड धरला.
पाणी रेघेला रेघ. एक मॉली जागी.
खाली वाकून मागचा पाय चाचपला,
घडी जागेवर होती.

बोटाला निळं लागलं.
ते तसंच ठेवून झोपले.