करंगळीचं माप

माझ्या काउंटरसमोर काच आहे, अंगठ्याएवढी जाड.
खाली एक फट. तिच्यातून पैसे आत येतात,
गोळ्या बाहेर जातात.
रक्तदाबाच्या, साखरेच्या, झोपेच्या.
माझ्या भाषेत त्या दुसऱ्या वस्तूलाही हाच शब्द आहे
हे सेंट लुईसच्या उत्तर भागात
एकोणीस वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही.

जेव्हॉन्टे यायचा बहिणीचा दम्याचा पंप न्यायला.
सुटे मोजताना त्याचे ओठ हलायचे.
एप्रिलमध्ये, शेजारच्या लाँड्रोमॅटबाहेर,
आत त्याचे कपडे ड्रायरमध्ये फिरत असताना,
सात भोकं विटांच्या भिंतीला
आणि दोन त्याला.
पोलिसांनी पिवळे आकडे मांडले, उचलले.
लोकांनी मेणबत्त्या ठेवल्या, कापसाची अस्वलं ठेवली.
पावसानं अस्वलं फुगली.
मी शटर ओढलं. शटर उघडलं.

अकराव्या दिवशी ओडेसा प्रुइट
(शाळेची बस चालवायची; गुडघ्यांचं मलम, दर महिन्याला)
फटीशी तोंड आणून म्हणाली,
घरात फुटकी भांडी असतील तर शनिवारी आण.
कशाला?
भिंतीला.
माझी कुठे आहे ती भिंत, असं मी म्हणणार होते.
रोज तिच्याच सावलीत गाडी लावतेस, ती म्हणाली.

आपल्याकडे फुटकं घरात ठेवत नाहीत.
तरी एक बशी होती, टवका उडालेली,
निळ्या काठाची, सांगलीहून साडीच्या घडीत आलेली.
तिच्यात चहा ओतून फुंकर घालणारं माणूस
गेलं, त्याला सहा वर्षं झाली.
टाकवत नव्हती. फोडवतही नव्हती.
शेवटी टॉवेलात गुंडाळून बत्त्याचा एक घाव घातला
आणि आवाजानं दचकले,
बत्ता माझ्याच हातात असून.

शनिवारी कुणाचा कप, कुणाच्या लग्नातली ताटली,
पंख तुटलेला एक देवदूत.
एक पोरगा खाली मान घालून सिमेंट कालवत होता.
त्याचा चुलतभाऊ कोण, ते सगळ्यांना माहीत होतं.
कुणी बोललं नाही.
बराच वेळ कुणीच बोललं नाही.
मग ओडेसानं त्याच्या हातात थापी दिली.

नायला, जेव्हॉन्टेची बहीण, वय वर्षं नऊ,
प्रत्येक भोकात करंगळी घालून माप घेई
आणि सोनारासारखी तुकडे पारखी.
माझी बशी चौथ्याला लागली.
हे खोल आहे, ती म्हणाली,
आणि थांबून दोनदा पंप ओढला.

सातवं तिनं भरू दिलं नाही.
का, ते सांगितलं नाही.

भिंत सुंदर झाली असं काही नाही.
लांबून वाटतं, देवी येऊन गेलेला चेहरा,
कुणीतरी व्रणांत कुंकू, हळद, नीळ भरलेला.
जुलैत दोन गल्ल्या पलीकडे पुन्हा झालं.
ओडेसा बादली घेऊन तिकडेही गेली.
काच मी काढलेली नाही.
विमावाले काढू देत नाहीत,
आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते.
फक्त शनिवारी दुपारी
मी फटीच्या या बाजूला नसते.

ऑगस्टमध्ये नायला तणतणत आली,
सातवं कुणीतरी बुजवायला घेतलंय!
मी बाहेर जाऊन वाकून पाहिलं.
तोंडाशी ओल्या मातीची अर्धी कड.
कुंभारीण.
बारीक कमरेची, काळी, आपल्याच घाईत,
पुन्हा येत होती, तोंडात
मातीची एक गोळी धरून.

तेव्हा मी नायलाला तो शब्द सांगितला.
तिन्ही अर्थांसकट.

ती गप्प राहिली.
मग म्हणून पाहिला.
ळ जमला नाही तिला.
जीभ आणखी मागे घे, मी म्हटलं.
तिनं घेतली.