हिरवी ज्योत

अशोक चौकाच्या मागल्या गल्लीत
चिलवेरी रेफ्रिजरेशन : एक शटर, एक पंखा,
पंख्याला तीन पाती, त्यातलं एक वाकडं.
चौऱ्याऐंशी सालापासून इथं बसून
मी लोकांचं पाणी गार करतो.

तेव्हा बारा नंबरचा गॅस असायचा. फार गुणी.
पेट घेत नाही, वास मारत नाही,
चुकून नाकात गेला तर साधा ठसकासुद्धा नाही.
फ्रिज दुरुस्तीला आला की आधी नळी कापायची
आणि उरलेला गॅस गल्लीत सोडून द्यायचा.
फुस्स.
शेजारच्या कुकरचा आवाज याहून मोठा.

गळती हुडकायला एक दिवा होता,
तोंडाशी तांब्याची चकती.
निळी ज्योत, नळी सांध्याजवळ नेली
आणि गॅस लागला, की हिरवीगार.
पोरं जमायची बघायला.
राजमणी म्हणायची, दिवाळीत हाच लावा की दारात.
हिरवी का होते, कुणी विचारलं नाही.
मीसुद्धा नाही.

नाना यंत्रमागावर होते.
उतरलेली चादर दारात उन्हासमोर धरायचे,
ऊन जिथून आरपार येईल तिथं खडूची खूण.
त्यांच्या मागाला एक सोय होती,
ताण्यातला एक धागा तुटला
की एक बारीक पत्री खाली पडायची
आणि अख्खा माग गप्प.
एका धाग्यासाठी.

दोन हजार तीनचा एप्रिल. सरकारी ट्रेनिंग.
माझ्या लेकीच्या वयाच्या बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला,
मिस्तरी, ज्योत हिरवी का होते?
चाळीस मेकॅनिक. सगळे छताकडे बघतायत.
तो क्लोरीन, बाई म्हणाल्या.
तुम्ही सोडलेल्या गॅसमधला.
सावकाश चढतो, वर्षं लागतात,
वीस-पंचवीस किलोमीटरवर कडक ऊन त्याची शिवण उसवतं,
क्लोरीन सुटतो, ओझोन मोडतो,
आणि स्वतः कोरा निघतो, पुढचा मोडायला.
एकेक कण लाखभर.

मी विचारलं, भोक तर दक्षिण ध्रुवावर ना?
म्हणाल्या, हो. गळती तुमची, भोक पेंग्विनचं.
सगळे हसले. मग त्या मोतीबिंदूचं बोलल्या,
कातडीच्या कॅन्सरचं, करपणाऱ्या पानांचं,
समुद्रातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या हिरव्या जिवांचं,
ज्यांच्यावर सगळे मासे जगतात.
मी मासे खात नाही. तरी घशात काटा अडकला.

वर कुठली पत्री पडली नाही.
कुठला माग थांबला नाही.

त्या रात्री जुन्या पावतीबुकांवर हिशोब मांडला.
फ्रिज, बाटल्यांचे कूलर, नव्या पेठेतलं आईस्क्रीमचं दुकान.
दोनशे साठ किलो, कमीतकमी.
सिव्हिलमधला लशींचा फ्रिजही याच हातांनी चालू ठेवला,
तेही लिहिलं, पण दुसऱ्या पानावर.
वजाबाकी केली नाही.

अम्माला मोतीबिंदू झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले,
वय झालं, आणि हे सोलापूरचं ऊन.
आपल्या डोक्यावरची चादर तशी फार विरली नव्हती,
हे मला ट्रेनिंगमुळं माहीत होतं.
तरी पट्टी काढताना मी तिच्यासमोर उभा राहिलो नाही.

आता भरून येतंय म्हणतात.
बारा नंबर बंद झाला, जगानं एकदा तरी ऐकलं.
नात साठीकडं झुकेल तोवर ध्रुवावरचंही बुजेल.
पण गॅस शंभर वर्षं टिकतो.
सत्त्याऐंशीच्या मे महिन्यातला माझा फुस्स
अजून वर आहे. शटरवरचं नाव आधी पुसलं जाईल.

काल होटगी रोडला एका बंगल्यात जुना एसी.
त्रेचाळीस डिग्री. मोईननं मशीन लावलं,
गॅस ओढून सिलिंडरात भरायला.
मालक घामानं निथळत म्हणाले,
ओ मिस्तरी, हवाच ती, द्या की सोडून.
मी काट्याकडं बघत राहिलो.
काटा सावकाश उतरतो. वीस मिनिटं लागतात.
त्याचे पैसे मी लावत नाही.