चढ

प्रभो, आज पुन्हा निघालो.
पहाटेचे चार, महिना जुलै.
आमच्या मालुती डोंगरात जुलै म्हणजे बर्फ,
आणि ब्लँकेटला भोक नेमकं तिथेच
जिथून वारा थेट फुप्फुसात शिरतो.

फुप्फुस म्हणायचं आपलं.
सरहद्दीपलीकडच्या सोन्याच्या खाणीत
बावीस वर्षं धूळ गिळली,
आता आत दोन दगड आहेत.
सोनं त्यांनी नेलं.
भरपाईच्या कागदावर डॉक्टरनं काहीतरी लिहिलं,
कारकुनानं ते दोनदा वाचलं
आणि म्हणाला, पुढच्या महिन्यात या.
तो महिना अजून उजाडायचाय.

पहिल्या वर्षी तुझ्याकडे श्वास मागितला,
गुडघे टेकून, उपास धरून.
दुसऱ्या वर्षी म्हणालो, निम्मा दे.
तिसऱ्या वर्षी भांडलो:
आंधळ्यांना डोळे दिलेस म्हणतात,
मला नुसता वारा हवाय,
तो तर तू फुकट वाटतोस, गुरांनासुद्धा!
तू गप्प.
त्याच आठवड्यात घंटा वाजवणारा मोलेफी वारला
आणि पाळकसाहेबांनी दोर माझ्या हातात दिला.
मला वाटलं, चेष्टा करतोयस.

देऊळ टेकडीच्या माथ्यावर.
ज्यांनी जागा निवडली
त्यांची छाती धडधाकट असणार.
पहिल्या रविवारी सत्तावीस वेळा बसलो,
पोचलो तेव्हा लोक उपासना संपवून उतरत होते.
दुसऱ्या रविवारी सव्वीस.
तिसऱ्याला एकतीस.
मग मोजणं सोडलं.

अख्खी प्रार्थना म्हणायला दम पुरत नाही,
म्हणून एका थांब्याला एक शब्द.
कोरफडीपाशी ‘पित्या’.
थाबिसोच्या गोठ्याच्या भिंतीशी ‘भाकर’,
तिथे उभ्यानंच; बसलं की उठवत नाही.
पीचच्या झाडाखाली ‘क्षमा’.
तिथे वेळ लागतो.
तो मुकादम आठवतो
ज्यानं आमचे मास्क विकून खाल्ले.
सहा वर्षं झाली, दर रविवारी
त्याचं नाव ओठांपर्यंत येतं
आणि मी म्हणतो, बरं, पुढच्या वेळी बघू.
(मीही त्या कारकुनासारखाच की!)

आज तिथेच अडकलो.
खोकला आला तो थांबेना,
बर्फावर चार लाल ठिपके पडले,
मग खोकायचीही ताकद गेली.
पीचच्या बुंध्याला टेकलो.
डोंगराची कड पिवळी झाली,
कुठेतरी कोंबडा आरवला
आणि घंटा नाही.
सहा वर्षांत पहिल्यांदा.
म्हणालो, घे. दोर तुझा, डोंगर तुझा.
मी संपलो.

तेवढ्यात पावलं वाजली.
खालून नव्हे, वरून.
पुलेंग, नऊ वर्षांची,
एक बूट तपकिरी, एक काळा.
“न्ताते त्सेलिसो, सगळे देवळात बसलेत,
तुम्ही इथे काय करताय?”

“पण घंटा तर झाली नाही.”

“घंटा?” ती म्हणाली,
“ती होते तेव्हा आम्ही निम्म्या वाटेवर असतो.
आई तुमच्या खोकल्यानं उठते.
पहिला खोकला आला की चूल पेटवते,
कोरफडीपाशी खोकलात की मला उठवते,
गोठ्यापाशी खोकलात की लापशी उतरवते.
पलीकडची सगळी घरंही तशीच.
आज पीचपाशी आवाज थांबला,
म्हणून मला पाठवलंय.”

हसायला दम लागतो, प्रभो.
तेवढा निघाला.

किती रविवार मी तुला सांगत होतो,
हे छातीतलं काढून घे, हे नको,
आणि तू त्यावर गाव उठवत होतास,
मला एका शब्दानं न सांगता.
हे बरं नव्हे. निदान एवढं तरी सांगायचं.

पुलेंगनं खांदा पुढे केला.
मी म्हणालो, थांब, इथला शब्द राहिलाय.
मुकादमाचं नाव घेतलं. पहिल्यांदा, मोठ्यानं.
घशात अडकलं, पण बाहेर पडलं.
मग पाय उचलला.

अजून बराच चढ आहे.
आणि सांगून ठेवतो,
श्वास मी मागतच राहणार आहे.