मृत व्यक्तीशी नाते

मुसाफ्याच्या शेडमध्ये एसी इतका
की जुलैतही स्वेटर घालून पोलाद मोजतो मी.
सूतभर नाही, सुताचाही शंभरावा भाग.
बाहेर पन्नास डिग्री, डांबर चप्पल धरून ठेवतं.
नळ्या येतात, चाप येतात, ट्रेमध्ये बांगड्यासारखे ओळीने.
गेज लावतो. बसला तर हिरवा ठिपका.
अकरा वर्षांत किती ठिपके दिले
ते ओव्हरटाइमच्या वहीत असेल.

सोमवारी वर बोलावलं.
दुबईहून आलेल्या वकीलबाई, नादीन खूरी,
लेबनॉनच्या, मऊ बोलणाऱ्या, पुढ्यात खजुराची ताटली.
म्हणाल्या, घाबरू नका, तुमच्याविरुद्ध काही नाही.
कुठल्याशा लांबच्या गावात, बेकरीत,
पाव घ्यायला उभी असलेली चार माणसं.
त्यातल्या एकीच्या आईने
थेट कारखान्यावर दावा लावलाय:
ज्यांनी बनवली त्यांनी उत्तर द्यावं.
कागदावर नग क्रमांक होता. शेवटी ४४१७.
त्यापुढे माझा ठिपका.

बाई समजावत होत्या, पोराला भागाकार समजवावा तसं.
मालात खोट निघाली असती,
हातातच फुटली असती, अडकली असती,
तर आपण जबाबदार.
पण ती तर उत्तम चालली.
चारदा. एकदाही अडकली नाही.
म्हणून आपण सुटलो.

मला तो नग आठवत होता.
चाप किंचित जड होता त्याचा.
लाल पेटीत टाकणार,
तर रोडेल म्हणाला, टार्गेटला तीनच कमी आहेत.
मग मीच पॉलिशपेपरने घासला,
दोन मिनिटं, शीळ घालत.
लोण्यासारखा झाला.

हे सांगितलं तर? मी विचारलं.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या,
मग तर चांगलंच.
दोष होता, तो तुम्ही काढलात.

माखजनला दादांची भट्टी होती.
हत्यार म्हणजे आमच्यात पाना, पटाशी, कोयता, सगळंच,
खंडेनवमीला ज्याला ज्याला हळद लागते ते.
एकदा फौजदार पोत्यात गुंडाळून कोयता घेऊन आला.
फणसाच्या वाटणीवरून भावाने भाऊ तोडला होता.
दादांनी तो फिरवला, मुठीजवळची दोन टिंबं बघितली,
म्हणाले, माझा.
फौजदार म्हणाला, तुला कोण विचारतंय रे,
नुसती ओळख पटव.
दादा पुन्हा म्हणाले, माझा आहे.
पंचनाम्यात ते आलं नाही.
तेरा दिवस भाता बंद. दाढी नाही, देवपूजा नाही.
आई करवादली, परक्याचं कसलं सुतक?
पेरणीआधीचं सगळं गिऱ्हाईक कडवईला गेलं.

हत्यार. हत्यारा.
शाळेत बाई ओरडायच्या, काना विसरू नका.

मी सही केली. वर अरबी, खाली इंग्रजी.
मी, विश्राम भिकाजी पांचाळ, वय सत्तेचाळीस,
शपथेवर सांगतो की माल निर्दोष होता.
होताच.
खजूर चांगले होते. दोन खाल्ले.

आता कॅम्पच्या खाटेवर रजेचा फॉर्म घेऊन बसलोय.
तेरा मिळत नाहीत. तीन मिळतात,
बिनपगारी, तेही घरचं कुणी गेलं तर.
रकाना आहे: मृत व्यक्तीशी नाते.
शशीधरन वरच्या खाटेवरून पाय हलवत म्हणतो,
काका लिही. सगळे काकाच लिहितात.
या कंपनीत आजवर
दोनशे काका मेले असतील.

पेन टेकवलंय.
शाई एकाच जागी उतरतेय,
ठिपका मोठा होत चाललाय.