भिजवण्याची तारीख

आधी कबुली.
चार मिलिमीटरची काच मीच निवडली होती.
छत्तीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत गेज हातात धरून
केसभर फरकासाठी पेट्याच्या पेट्या परत पाठवणाऱ्या मी
बोहरी आळीत, साडेतीनशे रुपयांसाठी,
स्वतःला पास केलं.
हकीमुद्दीनभाई म्हणाले होते,
"मोकाशीसाहेब, सहाची घ्या.
पाणी दिसतं त्याहून जड असतं."

फुटली रात्री पावणेतीनला.
आवाज फार नाही, कुणी बोट मोडावं तेवढा.
मग साठ लिटर खडकवासला
बिबवेवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर उतरलं,
जिन्याने नाही.

पानवलकरबाई दारात.
हातात ओली उशी, पुरावा धरावा तशी.
बोलल्या काहीच नाहीत.
बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

किलीफिश. अकरा होते.
गॅसच्या ज्योतीसारखे निळे, शेपटीला शेंदरी कड.
फरशीवर, कपाटाखाली, एक तर चपलेत.
वाचला फक्त आइस्क्रीमचा डबा,
तळाशी पीट भरून ठेवलेला,
आणि त्यात खसखशीएवढी अंडी.

यांच्या मुलखात, तिकडे आफ्रिकेत, डबकी आटतात.
मोठे मरतात. अंडी चिखलात थांबतात,
पाणी परत येईल की नाही ते न विचारता.
मी ते पीट पिळलं, वर्तमानपत्रावर पसरलं,
मळलेल्या तंबाखूइतकं ओलसर राहिलं तेव्हा
पिशवीत बांधून वर लिहिलं:
भिजवणे, २४ मे.

एप्रिलमध्ये माझ्या डोक्यावर गच्ची तापते.
खोलीत एकोणचाळीस. अंडी उकडतील.
खालचा मजला थंड. म्हणजे पानवलकरबाईंचा.
दोन दिवस जिन्यात उतरलो आणि परत चढलो.
तिसऱ्या दिवशी पिशवी पुढे केली.
त्यांनी आधी वर पाहिलं, छताकडे,
तिथे अजून डाग, मोठ्या बशीएवढा.
मग म्हणाल्या, "शिवणाच्या डब्यात ठेवते.
दोऱ्यांना वास नाही ना लागणार?"

दरम्यान सहाची काच.
कडा पाण्याखाली दगडाने घासल्या,
बोटाला बोचेनाशी होईस्तोवर.
बुरशी मारणारं, बाथरूमचं सिलिकोन नको;
ते माशांनाही मारतं.
टेप लावला, एका दमात ओढलं, टेप काढला.
आठवडाभर घरात व्हिनेगरचा वास
आणि मी हात मागे बांधून फिरणारा.

"माझ्यासमोर भरा," त्या म्हणाल्या.
खाली थर्माकोल, पाणपट्टीने सपाटी बघितली.
खुर्ची ओढून त्या मेथी निवडत बसल्या.
अर्धी भरली, थांबलो. पाऊण, थांबलो.
दर पंधरा मिनिटांनी त्या उठायच्या,
चारी सांध्यांवरून बोट फिरवायचं,
बोटाकडे बघायचं, परत मेथी.
तीन तास.
"कोरडी आहे," एवढंच.
माझ्या सर्व्हिसबुकात इतकं चांगलं कुणी लिहिलेलं नाही.

चोवीसला सकाळी सातलाच बेल.
पिशवी त्यांनी पदराखाली आणली होती,
कुणी पाहिलं तर काय सांगायचं म्हणून.
पसरट ट्रेमध्ये पीट सोडलं,
रात्रभर ठेवलेलं पाणी त्यांनीच ओतलं, वाटीने.

दीड तास काही नाही.
चहा झाला. त्यांच्या जावयाच्या बदलीचं झालं.
मग पापणीचा एक केस
आपणहून सरकला.
"हा कचरा की..."
त्याला डोळे होते.
मग दुसरा. मग आम्ही मोजायचं सोडलं.

"किती जगतात?"
"सात-आठ महिने. उडी मारून बाहेर पडले नाहीत तर."
त्या उठल्या. नव्या टाकीच्या झाकणापाशी वाकल्या,
कोपऱ्यातल्या फटीत नख घातलं.
"ही कशाला?"
"खाणं घालायला."
"मग झाकण उचलून घाला की."

खणातून जुना गेज काढला.
फट: साडेचार.
नापास.