हात मोजणारी

आमच्या ओबरमाटची ग्रामसभा शाळेच्या व्यायामशाळेत भरते.
दोर वर बांधून ठेवलेले, जमिनीला रबराचा वास,
आणि पोरांच्या उंचीच्या बाकांवर
चौऱ्याण्णव मोठी माणसं, गुडघे पोटाशी घेऊन.

विषय पहिला : सांडपाण्याची वाहिनी. पाऊण तास.
विषय दुसरा : चर्चच्या घड्याळाचा रंग.
विषय तिसरा : बेस्निक होजाज, वय एकेचाळीस,
स्की-लिफ्टच्या तारा तपासतो, सतरा वर्षं इथेच आहे.
त्याला आपला म्हणायचं का?

तो आणि ल्युम्निये बाहेर गेले, तसा नियमच आहे.
जाळीच्या काचेतून दिसत होते,
पोरांच्या कोटांच्या खुंट्यांखाली उभे.

आठवडाभर मी डेअरीवर सगळ्यांचं ऐकत होते.
व्रेनी म्हणाली, तो नसता तर फेब्रुवारीत
आम्ही पाळण्यात लटकून गोठलो असतो.
रोल्फ म्हणाला, आपली बोली त्याला
आपल्या पोरांपेक्षा बरी येते.
कास्परसुद्धा, करवतीची साखळी बदलून घेताना,
माणूस सरळ आहे, म्हणाला होता.

सभेत कास्पर पहिल्या बाकावर. हाताची घडी.
विरोधात एक शब्द बोलला नाही.
फक्त विचारलं, "घाई काय आहे?"

मागे कोणीतरी हसलं. हसण्यासारखं काही नव्हतं.

मग अध्यक्ष म्हणाले, बाजूने कोण?
मी त्या वर्षी मत मोजणारी, उजव्या हातात पेन्सिल.
समोरून बघितल्याशिवाय कळत नाही
हात कसा वर येतो ते :
आधी डोळे शेजारी जातात,
मग कोपर सुटतं,
मग खांदा ठरवतो.
व्रेनीचं कोपर सुटलं होतं, मी पाहिलं.
कास्परची पाठ हलली नाही,
तेव्हा तिचा हात अर्ध्यावरून वळला
आणि केस सारखे करून खाली आला.

एकतीस.

विरोधात?
आता हातांना वाट माहीत होती.
करवतीने खाल्लेलं बोट, कास्परचं.
सुरकुतलेले, चीजच्या खारवणीने पांढरे पडलेले,
सगळे हात मी ओळखते,
एकेकाकडे पेन्सिल रोखत मोजत गेले,
माझ्या बाजूने रोल्फही मोजत होता.

माझे एक्कावन्न. त्याचे बावन्न.

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. नक्की किती?
तेव्हा कळलं मला,
हवेत उंचावलेला माझा मोजणारा हात
रोल्फने मोजला होता.
निकाल काही बदलणार नव्हता.
वाईन उघडून ठेवलेली, ब्रेड कापलेला,
त्र्याण्णव चेहरे माझ्याकडे.
मी म्हटलं, बावन्नच असतील.

हात वर करणं म्हणजे मत देणं,
आणि हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं.
एकाच वाक्यात दोन्ही बसतात
हे मला त्या रात्री भांडी घासताना सुचलं,
सुचून उपयोग नव्हता.

उन्हाळा गेला. ऑक्टोबरमध्ये
बर्फ उडवायचं यंत्र घेऊन त्याच्या शेडवर गेले.
तारांची मापं लिहायची त्याची वही उघडीच होती.
मागच्या पानावर उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या.

म्हणाला, तुम्ही मोजलं होतं ना?
माझ्या बाजूने किती होते?
एकतीस, मी म्हटलं.
"इथे येऊन सत्तेचाळीस जणांनी सांगितलंय मला,
मी तुझ्या बाजूने होतो म्हणून.
एकेकटे येतात. दार लावून घेतात."

त्याच्या आवाजात राग नव्हता,
तार किती ताण सोसते हे बघावं
तसं तो माझ्याकडे बघत होता.

अठ्ठेचाळिसावी रेघ माझ्या जिभेवर होती.
खोटीही नव्हती ती, पूर्ण खोटी नव्हती.
शेडमध्ये आम्ही दोघंच. दार उघडं.

मी म्हटलं, स्पार्क प्लग बदलावा लागेल का?
त्याने पाना उचलला. म्हणाला, बघतो.