पाचव्या मजल्यावरची गाडी

गाडी भंगारात गेली तेव्हा वाझानं
एकच गोष्ट मागून घेतली: रेडिओ.
मी म्हटलं, टायर तरी माग, विकता येतील.
बावीस वर्षं रुस्तावी ते तिबिलिसी, तिबिलिसी ते रुस्तावी,
अठरा सीटा,
आणि हाती काय आलं तर विटेएवढा काळा ठोकळा,
मागे वायरींची शेपटी.
तीन महिने तो फ्रिजवर पडून होता
आंबट आलुबुखाराच्या बरण्यांशेजारी.

मग बहिणीची नात आली, खातुना.
शाळेनं टाकून दिलेल्या कॉम्प्युटरचं पोट फाडून
तिनं एक पत्र्याची पेटी काढली होती.
"पॉवर सप्लाय," म्हणाली,
बाजारातून कोबी आणल्यासारखं,
आणि वायरींचा गुंता
माझ्या निवडलेल्या कोथिंबिरीवर ओतला.
पिवळी म्हणजे बारा व्होल्ट. काळी म्हणजे अर्थ.
हिरवी काळीला टेकवली की पेटी जागी होते.
टेकवायला घेतली
माझ्या केसातली पिन.

"आणि रेडिओची ही लाल?"
"ती चावी, आजी.
तिच्यात वीज आली की याला वाटतं
कुणीतरी चावी फिरवली."
तिनं रेडिओची लाल आणि पिवळी एकत्र पिळून
पेटीच्या पिवळीला बांधली, वर टेप.
गाडी नाही, रस्ता नाही,
तरी बिचाऱ्याला चावी फिरल्याचं कळलं.

पंखा घरघरला.
वाझानं मान वर केली.
त्याला आता खिडकी कुठे आहे तेवढं दिसतं, खिडकीतलं नाही.
पण थांब्यावर चालू ठेवलेलं इंजिन
त्याला झोपेतही ऐकू येतं.

काच नारिंगी उजळली.
खातुनानं वाचलं: कोड टाका.
चार आकडे.
वीज तुटली की हे यंत्र मालकालाही चोर समजतं.
"आजोबा, कोड?"
"असेल काहीतरी," वाझा म्हणाला.
आमच्या लग्नाच्या तारखेबद्दलही तो असंच म्हणतो.
लेकाचा वाढदिवस टाकला. नाही.
गाडीचा नंबर. नाही.
मग यंत्र रुसलं: तासाभरानं या.

त्या तासात मी राजमा शिजवला.
पातेलं रिकामं झालं तसे दाराचे दोन स्पीकर
खातुनानं त्यात उभे केले, आवाज घुमावा म्हणून.
पेट्रोलचा वास येत होता त्यांना अजून.

कुणाला सुचलं ते आता आठवत नाही,
बहुधा मलाच.
मी रेडिओ टेबलावरून उचलला,
वाझाच्या उजव्या गुडघ्याशी बुटक्या स्टुलावर ठेवला.
समोर पोळपाट उभा धरला.
"घे," म्हटलं, "स्टिअरिंग."
तो हसला नाही.
डावा हात पोळपाटावर गेला, उजवा खाली उतरला
आणि बोटांनी, न विचारता,
पहिलं बटण तीनदा, दुसरं एकदा,
तिसरं सातदा, चौथं...
मला मोजता आलं नाही.

खरखर. मग एका बाईचा आवाज:
डोंगराकडच्या रस्त्यावर धुकं आहे, सावकाश चालवा.
वाझानं वेग कमी केला.
मी शपथेवर सांगते, त्याचा पाय हलला.

खातुना म्हणाली, कोड लिहून ठेवू या.
पुन्हा दाबायला सांगितलं तर
त्याला येईना. बोटं थिजली, चुकली.
म्हणून आम्ही पेटी बंदच करत नाही.
वीजबिल वाढलंय. खालच्या मजल्यावरची दोदो
पाइपवर चमचा वाजवते.
मागच्या बुधवारी दिवे गेले,
मी अंधारात आधी पोळपाटच शोधला.

रात्री झोपायला उठते तेव्हा
एक नाणं स्टुलाच्या कडेला ठेवते,
उतरणाऱ्यानं ठेवावं तसं.
काल त्यानं ते चाचपलं, बोटांत फिरवलं,
"वीस तेत्री कमी आहेत," म्हणाला,
"आणि दार जोरात आपटू नका."